सल्ला आणि सनद

पहिलं महायुद्ध संपत आलं होतं, त्या सुमारास मुंबईत शेअर आणि रोख्यांचे व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी एक छोटी पेढी निघाली. ती काढणारा माणूस सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आला होता. सल्ला चांगला होता, गिऱ्हाइकं येऊ लागली. सल्ला देणारा अस्पृश्य समाजातला आहे हे कळलं आणि गिऱ्हाइकं येईनाशी झाली. पेढी बंद पडली. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये हा माणूस सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला, १९२० मध्ये ती नोकरी सोडून लंडनला गेला, १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाला आणि जुलै १९२३ मध्ये त्यानं मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली.

सल्लागारी सोडून कंपन्यांच्या कायद्याकडे वळावं का, या प्रश्नावरच्या प्रकरणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आणणं काहींना ओढूनताणून आणल्यासारखं वाटेल. आजचा तिशीतला मॅनेजमेंट कन्सल्टंट कंटाळतो, थकतो, किंवा त्याला आपण काहीच टिकाऊ करत नाही असं वाटू लागतं. बाबासाहेबांपुढचा पेच त्या जातीचा नव्हता, त्यांना तर दारच लावून घेतलं गेलं. पण आर्थिक सल्ल्याकडून वकिलीकडे गेलेला याहून मोठा मराठी माणूस मला दिसत नाही, आणि त्यांच्या त्या पाच-सहा वर्षांत आजच्या प्रश्नाचे जवळजवळ सगळे धागे सापडतात. शिवाय हा प्रश्न आपण नागपूरच्या सीताबर्डीत उभं राहून विचारतो आहोत. ऑक्टोबर १९५६ मध्ये धम्मदीक्षेसाठी नागपुरात आल्यावर बाबासाहेब उतरले ते बर्डीवरच्या श्याम हॉटेलात. दीक्षाभूमीचा रस्ता सगळ्यांना ठाऊक असतो, श्याम हॉटेलचं नाव मात्र नागपूरबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं.

वकिलीतच का शिरायचं? प्राध्यापकाची नोकरी होती, सरकारी नोकरीही मिळू शकली असती. पण वरचा साहेब नाराज झाला की जाईल अशी ती रोजी. बडोद्याच्या नोकरीत काय वाट्याला येतं ते त्यांनी १९१७ मध्ये पाहिलं होतं. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं आणि तिथूनही लोकांनी हुसकावून लावलं. वकिलीची सनद असली की कुणा एकाच्या मर्जीवर पोट चालत नाही. सार्वजनिक काम करायचं असेल तर पायाखाली अशी स्वतःची जमीन लागते, हा त्यांचा हिशेब होता. सनदेची फी भरायलाही हातात पैसे नव्हते. ते नवल भथेना या पारशी मित्रानं दिले. आज अॅडव्होकेट्स अॅक्टनुसार नावनोंदणीची फी ७५० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. वेगवेगळ्या राज्यांच्या बार कौन्सिल त्यावर कितीतरी हजार उकळत होत्या, ते सुप्रीम कोर्टानं ३० जुलै २०२४ च्या निकालानं थांबवलं.

आता यातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग. १९२३ मध्ये वकिलीला बसलेला हा माणूस लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा डी.एस्सी. होता, रुपयाच्या प्रश्नावरचं त्याचं पुस्तक त्याच वर्षी लंडनला छापलं गेलं. चलन, विनिमयाचा दर, सरकारी वित्त यांवर त्याच्याइतका अधिकार असलेले वकील हायकोर्टात किती असतील? तरी कामं येईनात. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे थेट तिथंच दाखल होणाऱ्या दाव्यांत, बॅरिस्टरला काम सॉलिसिटर देई, आणि सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे फिरकत नसत. मग अपिलेट साइड, मुफसलातल्या केसेस, आणि घर चालवायला जून १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायद्याची शिकवणी. जातीचा भाग वेगळा काढला तरी एक गोष्ट उरते आणि ती आजही तशीच आहे. वकिलीत तुमचं आधीचं ज्ञान कामाला येतं, पण आधीची ज्येष्ठता येत नाही. ज्येष्ठता सनदेच्या तारखेपासून मोजली जाते.

हे कन्सल्टिंगमधून येणाऱ्याला पहिल्याच वर्षी झोंबतं. काल ज्याच्या हाताखाली चार जण पीपीटी बनवत होते, कारखान्याचा मालक ज्याच्यासाठी मीटिंग थांबवत होता, तो आज नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या कोर्टात चोवीस वर्षांच्या सीनियर ज्युनिअरच्या मागे फाइल घेऊन उभा असतो. बोर्डावर मॅटर कितव्या नंबरला लागलं ते बघायचं, सर्टिफाइड कॉपीचा अर्ज टाकायचा, साहेब दुसऱ्या कोर्टात अडकले तर तारीख मागून घ्यायची. न्यायमूर्ती हिदायतुल्लांचं उदाहरण बघा. बर्डीच्या मॉरिस कॉलेजातून केंब्रिज, तिथून लिंकन्स इन, आणि १९३० मध्ये वयाच्या पंचविशीत नागपुरात वकिली. १९४३ मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे अॅडव्होकेट जनरल झाले, १९४६ मध्ये नागपूर हायकोर्टाचे न्यायमूर्ती, १९६८ मध्ये देशाचे सरन्यायाधीश. वकिलीतली घोडदौड म्हणावी अशी ही कारकीर्द, तरीही पहिल्या मोठ्या पदाला तेरा वर्षं लागली. तिशी ओलांडून सनद घेणाऱ्यानं हा आकडा डोळ्यांसमोर ठेवलेला बरा.

आता उलटा प्रवास. मार्विन बाउअर हा अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा वकील. हार्वर्डमधून कायदा आणि व्यवस्थापन दोन्ही शिकलेला, जोन्स डे या मोठ्या लॉ फर्ममध्ये रुजू झालेला. १९३० च्या मंदीत कंपन्या धडाधड बुडत होत्या आणि रोखेधारकांच्या समित्यांचं काम बाउअरच्या वाट्याला आलं. तिथं त्याच्या लक्षात आलं की कर्जाची पुनर्रचना कशी करायची, कुणाला किती द्यायचं याचा खल खूप होतो. कंपनी मुळात बुडाली का, हे विचारायला मात्र टेबलाभोवती कुणी बसलेलंच नसतं. १९३३ मध्ये तो जेम्स मॅकिन्झीच्या फर्ममध्ये गेला आणि पुढे त्यानं ती घडवली. व्यावसायिक शिस्त, अशिलाचं हित आधी, गुपित राखणं, ठरावीक वर्षांत वर चढा नाहीतर बाहेर पडा, हे सगळं त्या काळच्या बड्या लॉ फर्मच्या वळणाचं. म्हणजे आज ज्याला कन्सल्टिंगचा साचा म्हणतात तो बऱ्याच अंशी वकिलांच्या घरचा आहे. कन्सल्टिंग सोडून मुंबईच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये जाणारा एका अर्थी माहेरी जातो. तिथं पुन्हा तोच पिरॅमिड, तेच रात्रीचे ईमेल, तीच पार्टनरशिपची शिडी, फक्त स्लाइडऐवजी ड्राफ्ट. पिरॅमिडलाच कंटाळून निघणार असाल तर जागा बदलून काही होणार नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

मग फरक कुठे आहे? तो विदर्भातल्याच एका कंपनीवरून सांगता येतो. मुरली इंडस्ट्रीज ही नागपूरची कंपनी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नारंडा इथं तिचा सिमेंटचा कारखाना होता, शिवाय कागद आणि सॉल्व्हंटचा धंदा. कर्ज थकलं, २०१७ मध्ये ती दिवाळखोरी संहितेखाली आली, आणि दालमिया सिमेंटनं दिलेली योजना राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणानं, म्हणजे एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठानं, जुलै २०१९ मध्ये मंजूर केली. इथवर कन्सल्टंटचं राज्य आहे. चुनखडी किती वर्षं पुरेल, टनामागे खर्च काय, कोळसा कुठून आणायचा, विदर्भ आणि तेलंगणाच्या बाजारात भाव काय मिळेल, किती रुपयांना घेतलं तर परवडेल.

मग मार्च २०२१ मध्ये आयकर खात्यानं जुन्या वर्षाची फेरआकारणी करायची म्हणून नोटीस काढली. नव्या मालकाचं म्हणणं, योजना मंजूर झाली तेव्हा तुम्ही दावा मांडला नव्हता, आता जुनं उकरून काढता येणार नाही. आता संहितेचं कलम ३१ उघडा. मंजूर योजना कुणाकुणावर बंधनकारक आहे याची यादी तिथं आहे: कंपनी, तिचे कर्मचारी, सभासद, धनको, हमीदार. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि स्थानिक प्राधिकरण हे शब्द मूळ कलमात नव्हतेच. ते दुरुस्तीनं आले आणि ती दुरुस्ती लागू झाली १६ ऑगस्ट २०१९ ला. योजना मंजूर जुलैत, शब्द आले ऑगस्टमध्ये. काही आठवड्यांचं अंतर, आणि त्या अंतरात सगळा खटला. हे शब्द नवीन आहेत की आधीपासून अभिप्रेत होतं तेच कायद्यानं स्पष्ट केलं? नवीन असतील तर जुलैतल्या योजनेला त्यांचा आधार नाही. स्पष्टीकरण असेल तर तेव्हाही खातं बांधलेलंच होतं. एप्रिल २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात सुप्रीम कोर्टानं स्पष्टीकरणाच्या बाजूनं कौल दिला होता. त्याच्या आधारे मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं डिसेंबर २०२१ मध्ये आयकराची नोटीस रद्द केली. हा निकाल पुढे देशभर दाखवला गेला.

हे वाचताना तुमचं मन कुठे रमलं, ते तपासा. चुनखडी आणि भावापाशी रमलं असेल तर तुम्ही बरोबर धंद्यात आहात, मालक बदला फार तर. कलम ३१ मध्ये ते शब्द कधी शिरले यापाशी तुम्ही थांबला असाल, दुरुस्तीचा मूळ मजकूर काढून बघावासा वाटला असेल, तर पुढचं वाचा. कन्सल्टंटचा सल्ला चुकला तर बाजार दोन वर्षांनी सांगतो आणि तेव्हा तो दुसऱ्या प्रोजेक्टवर असतो. वकिलानं लिहिलेल्या वाक्यापुढे पहिल्या दिवसापासून एक हुशार माणूस बसलेला असतो, त्याला त्यातलं छिद्र शोधायचे पैसे मिळतात. बारा पानांच्या करारात एका ठिकाणी ‘आणि’ ऐवजी ‘किंवा’ पडलं की संपलं. ही भीती ज्याला हवीशी वाटते त्यानं यावं.

नागपुरातून यायचं तर आधी भूगोल समजून घ्यावा. बर्डीपासून हाकेच्या अंतरावर सिव्हिल लाइन्समध्ये हायकोर्टाची इमारत आहे. नागपूर हायकोर्ट १९३६ चं, १९५६ पासून तिथं मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ. पूर्वी कंपनी बंद करण्याच्या, दोन कंपन्या एकत्र करण्याच्या अर्जांची सुनावणी इथं होत असे. २०१६ मध्ये एनसीएलटी आली आणि ही कामं मुंबईला गेली. नागपूरची कंपनी, नागपूरचे संचालक, नागपूरची बँक शाखा, आणि सुनावणी मुंबईत. व्हिडिओनं बोलता येतं, पण मोठं मॅटर मुंबईच्या फर्मकडेच जातं. म्हणून ‘कॉर्पोरेट लॉ’ म्हणून नागपुरात जे मिळतं त्याचा चेहरा वेगळा आहे: वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉयल यांची मुख्यालयं इथं असल्यानं कोळसा-मँगनीजच्या निविदा आणि वाहतुकीचे करार, लवादाचे निवाडे आणि त्यांना दिलेली आव्हानं, विजेचे दर, जीएसटी, खाणींचे पट्टे. कमर्शिअल कोर्ट्स अॅक्टची मर्यादा २०१८ मध्ये एक कोटीवरून तीन लाखांवर आली, तेव्हापासून मध्यम व्यापाऱ्यांचे तंटेही या वाटेनं येतात. डेटा रूम, शेअर खरेदी करार, विदेशी गुंतवणूकदार हे चित्र डोळ्यांपुढे असेल तर ते मुंबई, दिल्ली, बंगळुरूचं आहे. नागपुरात राहायचं की त्या कामात जायचं, हा कौल पदवीच्या आधी लावावा. पदवीनंतर तो लावणारे बहुधा दोन्हीकडून हुकतात. निवाड्यांची वाण मात्र इथं नाही. देशभरातली कोर्टं ज्याचा हवाला देतात तो ऑल इंडिया रिपोर्टर, ए.आय.आर., नागपूरचाच.

पदवीची वाट थोडक्यात. कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांची एलएल.बी., महाराष्ट्रात राज्य सीईटी देऊन. वयाची वरची अट घालण्याचा बार कौन्सिलचा प्रयत्न २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्थगित केला. शनिवार-रविवारची किंवा पत्राद्वारे होणारी एलएल.बी. चालत नाही. वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ मध्येच घ्यायचे असा २००८ चा नियम आहे, हजेरीची अट आहे, आणि तीन वर्षांत किमान बारा आठवड्यांची इंटर्नशिप. नोकरी सांभाळून उरकता येईल, असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नये. नंतर सनद, आणि दोन वर्षांत ऑल इंडिया बार एक्झाम.

कॉलेजची निवड इथं नको तितकी महत्त्वाची ठरते. मोठ्या लॉ फर्म कॅम्पसवरून माणसं उचलतात ती मुख्यतः बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात ही सोय दिल्ली विद्यापीठ, मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, पुण्याचं आयएलएस अशा मोजक्या ठिकाणी. इंजिनीअर असाल तर आयआयटी खरगपूरच्या २००६ च्या राजीव गांधी स्कूलचाही विचार करावा. उरलेल्यांना ओळखीनं, इंटर्नशिपनं, मागे लागून शिरावं लागतं. कन्सल्टिंगचा अनुभव या दारात उपयोगी पडतो. ऊर्जा, खाणी, दवाखाने यांपैकी एखादं क्षेत्र तुम्ही आतून पाहिलं असेल तर ते नाव घेऊन दार ठोठवावं, नुसतं ‘स्ट्रॅटेजी’ म्हणून नव्हे.

पैशाचं बोलायचं तर बार कौन्सिलनं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच आहे, सक्ती नाही. आकड्यापेक्षा शिफारस करावी लागली ही गोष्ट जास्त बोलकी आहे. मोठ्या फर्ममध्ये पहिल्या महिन्यापासून याच्या कितीतरी पट मिळतं. म्हणूनच सगळी गर्दी त्या दाराशी.

आणि आता तो नियम, जो फार थोड्यांनी वाचलेला असतो. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करणाऱ्याला कुणाची पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नियम ४७ प्रमाणे स्वतः धंदा चालवता येत नाही, नुसतं भांडवल घातलेला भागीदार राहता येतं. नियम २० प्रमाणे निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, म्हणजे कन्सल्टिंगमधली ‘सक्सेस फी’ गेली. नियम ३६ प्रमाणे जाहिरात नाही. लॉ फर्ममधल्या असोसिएटला बहुधा पगाराऐवजी रिटेनर मिळतो तो यामुळेच. कंपनीत इन-हाउस लीगलला गेलात तर सनद स्थगित ठेवावी लागते. दिवसा वकिली आणि संध्याकाळी स्वतःची सल्लागार कंपनी, असे दोन दगडांवर पाय ठेवता येत नाहीत. बाबासाहेबांनी सनद घेतली ती कुणाचं नोकर राहायचं नाही म्हणून. आज कॉर्पोरेट लॉची बहुतेक चांगल्या पगाराची माणसं ज्या खुर्च्यांवर बसतात तिथं नेमकी तीच मोकळीक नसते. ती हवी असेल तर कोर्टाची वकिली आहे, तिथं पहिली पाच-सहा वर्षं कमाई अगदी तुटपुंजी.

यावर एक मधला मार्ग आहे आणि तो लोक विनाकारण विसरतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४३२ प्रमाणे एनसीएलटीपुढे वकिलांबरोबरच सीए, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंटही उभे राहू शकतात. कंपनी सेक्रेटरीचा अभ्यास नोकरी करत घरी बसून होतो, आणि त्यात कंपनी कायदा, सेबीचे नियम, दिवाळखोरी संहिता हे सगळं आहे. दुसरं, दिवाळखोरीतल्या कंपनीचा कारभार हाती घेणारा इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल व्हायला कायद्याची पदवी लागत नाही. व्यवस्थापनाचा दीर्घ अनुभव असलेल्या पदवीधरालाही परीक्षा देऊन नोंदणी करता येते. बंद पडायला आलेली गिरणी चालू ठेवणं, धनकोंची समिती सांभाळणं, योजनांची छाननी करणं, आणि प्रत्येक पाऊल कलमात बसवणं. बाउअरला त्या रोखेधारकांच्या समितीत जो माणूस सापडला नव्हता तो हाच. मुरली इंडस्ट्रीजसारख्या प्रकरणात तो मधोमध असतो.

राजीनाम्याचा मसुदा तयार असेल त्यानं आधी मुरली इंडस्ट्रीजचा निकाल मुळातून वाचावा, इंग्रजीतला, सारांश नव्हे. मग हायकोर्टाच्या गॅलरीत एक अख्खा दिवस बसावं, खुल्या कोर्टाचं कामकाज कुणालाही बघता येतं. बर्डीच्या मेट्रो स्टेशनावर उतरलं की तिथं पोचायला वेळ लागत नाही. त्या दिवशी दहातली आठ मॅटर तहकूब होतील. उरलेल्या दोनांत वकील एका शब्दावर वीस मिनिटं बोलेल आणि न्यायमूर्ती त्याला त्याच शब्दावर अडवतील. ही वीस मिनिटं लांबली असं वाटलं, तर सीईटीचा फॉर्म भरण्याआधी कंपनी सेक्रेटरीचं माहितीपत्रक मागवावं.